पाय का जळतात, मिरची का झोंबते: संवेदी आयन चॅनेलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला उच्च माध्यमिकात जीवशास्त्र शिकवते. माहेर डिचोलीचं. तीन वर्षांपूर्वी आईचे तळपाय रात्री जळायला लागले. मधुमेह जुना. रात्री दोन-अडीचला उठून ती स्वयंपाकघरातल्या गार लादीवर पाय टेकून बसायची. चादर नुसती पावलांना लागली तरी "नको गं, निखारा ठेवल्यासारखं होतं" म्हणायची. आधी ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी नसांची तपासणी केली, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणाले, आणि वर "वयामुळे होतं, मनावर घेऊ नका" असंही सांगितलं. घरी आल्यावर आई आठवडाभर पायांबद्दल एक शब्द बोलली नाही. आपण उगाच कुरकुरतोय असं सगळ्यांना वाटतं, असा तिचा समज झाला.

त्या आठवड्यात मी वाचायला बसले. तेव्हापासून वर्गात, स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात लोक मला जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. जळजळ, मुंग्या, बधिरपणा यांच्यामागे खरीखुरी प्रथिनं आहेत आणि त्यांची बिघडलेली कामं आहेत, हे मला सांगायचंय. ज्याला त्रास होतो तो खरं सांगत असतो. औषध कोणतं घ्यायचं हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

आयन चॅनेल म्हणजे नेमकं काय?

खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरची मानस आठवा. मानस म्हणजे पाण्याची ये-जा अडवणारं लाकडी दार. भरती आली की नदीचं खारं पाणी दाराला ढकलतं आणि दार आपोआप बंद होतं. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं आणि दार उघडतं. तिथे उभं राहून कुणी दार उघडत-मिटत नाही, पाण्याचा जोरच ते काम करतो.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. चरबीतून मीठ जात नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड हे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन. त्यांना आत-बाहेर जायला प्रथिनांची दारं लागतात, तीच ही चॅनेल्स. सोडियम बाहेर जास्त आणि आत कमी, पोटॅशियमचं उलट. म्हणजे बांधाच्या दोन बाजूंना पाण्याची पातळी वेगळी असते तसंच. दार उघडलं की आयन लोंढ्याने आत शिरतात, एका चॅनेलमधून एका सेकंदात लाखो, कधी कोटीभरसुद्धा. आवरणावरचा विद्युतदाब बदलतो आणि चेतातंतूत संदेश निघतो.

मानस दोन तऱ्हांनी बिघडते. दार उघडंच राहिलं तर खारं पाणी शेतात घुसतं. बंदच राहिलं तर पावसाचं पाणी तुंबून पीक कुजतं. आजारांचंही तसंच आहे. काही आजारांत चॅनेल गरजेपेक्षा जास्त उघडतं, काहींत उघडतच नाही. पुढची बहुतेक उत्तरं या दोनांपैकी एकात बसतात.

मग "संवेदी" चॅनेल कुठली?

जी बाहेरच्या किंवा आतल्या जगाची खबर घेऊन उघडतात ती. टीआरपीव्ही-१ साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडतं. टीआरपीएम-८ गारव्याला उघडतं आणि पुदिन्यातल्या मेंथॉललाही, म्हणून बाम चोळला की कपाळ गार लागतं. टीआरपीए-१ मोहरीच्या तिखटपणाला, कच्च्या लसणाला, धुराला आणि अश्रुधुराला उघडतं. पिएझो-२ स्पर्शाला आणि ताणाला, कानातलं टीएमसी-१ आवाजाला, जिभेवरचं ओटॉप-१ आंबटाला. सोलकढीचा पहिला घोट घेतला की हेच शेवटचं जागं होतं. यांच्या मागे सोडियमची चॅनेल्स असतात, एनएव्ही १.७ आणि १.८ वगैरे. मूळ खबर वाढवून पुढे मेंदूपर्यंत धाडणं हे त्यांचं काम.

मिरची झोंबते म्हणजे काय होतं? आमच्या गोव्यातली खोल्याची आणि हरमलची मिरची सारखीच झोंबते का?

चॅनेल एकच, मात्रा वेगळी. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ ला चिकटतं आणि दार उघडतं. हेच दार भाजल्यावर उघडतं, त्यामुळे मेंदूला फरक कळत नाही. तोंडात आग झाल्याची खबर पोचते, आणि मग घाम येतो, नाक वाहतं, म्हणजे शरीर थंड व्हायच्या तयारीला लागतं. "तोंड भाजलं" असं आपण म्हणतो ते शरीराच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे.

हे चॅनेल १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या शाखेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. संवेदी चेतापेशींमधली जनुकं गटागटाने मिरचीचं काहीच न वाटणाऱ्या पेशींत घालायची, वर कॅप्सेसिन टाकायचं आणि कुठली पेशी उजळते ते बघायचं. असं गाळत गाळत एक जनुक उरलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. साडेचारशे-पाचशे वर्षं आपण ती वाटतोय, आणि ती झोंबते कशी हे कळून अजून तीस वर्षंही झालेली नाहीत.

मिरच्या साफ करून हात चुरचुरत असतील तर नुसत्या पाण्याने काही होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण लावा. तोंड भाजलं तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरं.

फेणीने घसा का जळतो? आणि बांगड्याच्या हुमणातल्या, म्हणजे कालवणातल्या, तिरफळाने जीभ का थरथरते?

मद्यार्कामुळे टीआरपीव्ही-१ उघडायचं तापमान सुमारे ४२ वरून ३४ अंशांपर्यंत उतरतं. आपल्या शरीराचं तापमान ३७. म्हणजे गार फेणीचा घोट घेतला तरी घशातलं हे दार आपल्याच उबेने उघडतं.

तिरफळाची गोष्ट निराळी. त्याच्या कुळातली चिनी सिचुआन मिरी जास्त अभ्यासली गेली आहे. तिच्यातलं सॅनशूल पोटॅशियमच्या काही चॅनेल्सना बंद करतं आणि स्पर्शाचे तंतू स्वतःहून धडधडायला लागतात. २०१३ साली लंडनमध्ये लोकांच्या ओठांना ती मिरी लावून ही थरथर बोटावरच्या यंत्राच्या कंपनाशी ताडून बघितली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ५० कंपनं भरली. म्हणजे हुमण खाताना जीभ थरथरते ती चव नसते, स्पर्शाचा भास असतो.

सगळ्या प्राण्यांना मिरची झोंबते का?

सस्तन प्राण्यांना बहुतेक झोंबते, पक्ष्यांना नाही. पक्ष्यांकडे टीआरपीव्ही-१ असतं, उष्णतेला ते उघडतंही, पण कॅप्सेसिनला दाद देत नाही. परसातल्या पिकलेल्या मिरच्या बुलबुल खुशाल टिपतो आणि बी दूरवर टाकतो. उंदीर-घुशी बी चावून टाकतात, त्यांना मिरची तोंड लावू देत नाही. झाडाने आपलं बी कुणी न्यावं हे या एका चॅनेलच्या आधारे ठरवलंय.

सस्तन प्राण्यांतही जो तो आपल्या गरजेप्रमाणे हे दार बदलून घेतो. रक्त पिणाऱ्या वटवाघळाच्या चेहऱ्यातल्या तंतूंमध्ये टीआरपीव्ही-१ ची आखूड आवृत्ती असते. ती ३० अंशांच्या आसपासच उघडते, त्यामुळे जनावराच्या कातडीखाली गरम रक्त कुठे वाहतं ते त्याला कळतं. दोन वशिंडांच्या उंटाचं चॅनेल मात्र उष्णतेला फारसं बधत नाही. अमेरिकेच्या वाळवंटातला एक छोटा उंदीर विंचू खातो. त्याच्या एनएव्ही १.८ मध्ये असा बदल आहे की विंचवाचं विष तिथे चिकटून वेदनेचा संदेशच बंद पाडतं. बिळात राहणारा केसविरहित तीळउंदीर आम्लाने होणारी जळजळ ओळखतच नाही. यातलं काही माणसाच्या औषधासाठी वापरता येईल का, यावर खूप काम चालू आहे. पण उंदरात चाललं ते माणसात चालतंच असं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पिएझो म्हणजे काय? डोळे मिटून उभं राहण्याशी त्याचा काय संबंध?

पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत एक पेशी होती. तिला बारीक काचेच्या नळीने टोचलं की विद्युतप्रवाह निघायचा. हा प्रवाह कुठल्या जनुकामुळे निघतो ते शोधायला त्यांनी ७२ जनुकांची यादी केली आणि एकेक बंद करत गेले. शेवटचं जनुक बंद केल्यावर पेशी टोचण्याला मुकी झाली. बर्ट्रांड कोस्त यांनी केलेलं हे काम २०१० साली प्रसिद्ध झालं. दाबासाठीच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं पिएझो.

पिएझो-२ आपल्याला स्पर्श तर देतंच, पण हातपाय कुठे आहेत हे न बघता कळतं तेही त्याच्यामुळे. २०१६ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ९ आणि १९ वर्षांच्या दोन मुलींविषयी लिहिलं. दोघींचं पिएझो-२ जन्मापासून काम करत नव्हतं. दिवसा बघून बघून त्या चालायच्या, पण डोळे बांधले की तोल जायचा. कंप पावणारी धातूची चिमटी हाताला लावली तरी काही कळायचं नाही, वेदना आणि उष्णता मात्र कळायची. दोघींच्या पाठीचा कणा वाकलेला होता, सांधेही वेडेवाकडे. चॅनेल हरवलं तर हाडांचा आकारही बदलतो, हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसले होते. आपला कणा सरळ राहतो तो स्नायूंना क्षणोक्षणी मिळणाऱ्या खबरींमुळे.

मूत्राशय भरल्याची जाणीवही बरीचशी याच चॅनेलमुळे होते. त्याचं भावंड पिएझो-१ लाल रक्तपेशींत असतं. ते गरजेपेक्षा जास्त उघडं राहिलं तर पेशीतलं पाणी निघून जातं आणि आनुवंशिक रक्तक्षय होतो. असा एक बदल आफ्रिकेतल्या पुष्कळ लोकांत आढळतो. त्याने मलेरियापासून काही संरक्षण मिळतं असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

दुखतच नाही अशी माणसं खरंच असतात का? किती बरं ना!

असतात, आणि मुळीच बरं नाही. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. हातात सुरे खुपसायचा, निखाऱ्यांवर चालायचा. चौदा वर्षांचा व्हायच्या आत छपरावरून उडी मारून तो गेला. दुखणंच नसल्यामुळे कुठे थांबायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच्या नात्यातल्या आणि आसपासच्या तीन कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या एससीएन-९-ए या जनुकात दोष होता, म्हणजे एनएव्ही १.७ चं दार कायमचं बंद. त्यांनी लहानपणी स्वतःच्या जिभा किंवा ओठ चावून जखमा करून घेतल्या होत्या. अशा माणसांना वासही येत नाही, कारण नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंनाही हेच चॅनेल लागतं.

त्याच जनुकातल्या उलट्या बदलाने दार जरा जास्तच सहज उघडतं. मग एरिथ्रोमेलाल्जिया होतो. हातपाय लालबुंद होतात, ऊन किंवा साधी चाल सोसत नाही, माणसं तासन्‌तास बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसतात. त्याचं जनुकीय कारण २००४ साली चीनमधल्या कुटुंबांत सापडलं. जनुक एकच. एका घरात निखाराही जाणवत नाही, दुसऱ्या घरात मोजासुद्धा निखारा होतो.

शिरगावच्या लइराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, होमकुंडातून जातात. त्यांना का भाजत नाही?

शिरगाव डिचोली तालुक्यातलंच, त्यामुळे डिचोलीचं माहेर म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. धोंडांची चॅनेल्स तुमच्या-माझ्यासारखीच असतात. लाकडी कोळसा तापलेला असला तरी उष्णता सावकाश देतो, आणि पाऊल क्षणभरच टेकतं. तेवढ्या वेळात कातडीच्या आतली उष्णता धोक्याच्या पातळीला पोचायच्या आत पाऊल उचललं जातं. व्रताबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, माझ्या नात्यातही धोंड आहेत.

पण एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाने असं पाऊल टाकू नये. त्याला थांबायची खबरच मिळत नाही. आणि होमकुंड दूरची गोष्ट झाली, एप्रिल-मेच्या दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली तरी बधिर पायाला फोड येतात आणि संध्याकाळी चपलेला पाणी लागलेलं दिसेपर्यंत कळत नाहीत.

मधुमेहात पाय का जळतात?

२०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. प्रौढांमध्ये मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे दर चार माणसांत एकाहून जास्त. म्हणून हा प्रश्न प्रत्येक घरातला आहे.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की चेतातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात आणि तंतू टोकाकडून मरत येतात. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जाणारे, म्हणून सुरुवात तिथे. हे तर पाठ्यपुस्तकात आहेच. चॅनेल्सचा भाग त्यापुढचा. जास्तीच्या साखरेतून शरीरात मिथाइलग्लायॉक्सल नावाचं एक त्रासदायक रसायन साठतं. ते एनएव्ही १.८ ला चिकटतं आणि ते दार वाजवीपेक्षा सहज उघडायला लागतं. टीआरपीए-१ लाही ते डिवचतं. मग बाहेर काहीही नसताना तंतू "जळतंय" अशी खबर देत राहतात.

आईच्या चादरीचं कोडं मला इथे उलगडलं. साध्या स्पर्शाने दुखणं याला वैद्यकीय नाव आहे, ती नवी गोष्ट नाही. पुन्हा पुन्हा वेदनेच्या खबरी आल्या की पाठीच्या कण्यातल्या पेशी संवेदनशील होतात आणि चादरीचा हलका स्पर्शसुद्धा वेदनेच्या वाटेने वर जातो. तुम्ही कधी कळंगुटच्या उन्हात कातडी भाजून घेतली असेल तर हे थोडं अनुभवलं असेल. संध्याकाळी कोमट पाण्याने आंघोळ केली तरी ते उकळतं वाटतं. सूज आली की प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन ही रसायनं टीआरपीव्ही-१ चा उंबरठा खाली आणतात. फरक इतकाच की उन्हाने भाजलेलं चार दिवसांत निवतं.

मग रिपोर्ट नॉर्मल का येतो?

कारण नेहमीची नसांची तपासणी जाड, वेगवान तंतू तपासते. त्यांतून संदेश सेकंदाला पन्नास-साठ मीटर जातो. जळजळ नेणारे तंतू केसाहून बारीक असतात आणि त्यांतला संदेश सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतो. उंबऱ्याला ठेच लागली की आधी "लागलं" हे कळतं आणि क्षणभराने कळ येते, ते यामुळेच. बारीक तंतू त्या यंत्राला दिसतच नाहीत. त्यासाठी घोट्याजवळची तीन मिलिमीटरची कातडी काढून तिच्यातले तंतू मोजावे लागतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण मेंदूविकारतज्ज्ञांना विचारता येतं. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा खाजगीत दाखवताना "जळजळ आहे आणि नसांचा रिपोर्ट नॉर्मल आला आहे" ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगा.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी पडूनही असंच जळतं, आणि ते भरून काढता येतं. आईचं कमी निघालं होतं.

जळजळ थांबली म्हणजे बरं झालं का?

साखर ताब्यात आली असेल, औषध लागू पडलं असेल, तर हो. पण काहीही न करता जळजळ आपोआप थांबली तर काळजी करा. कदाचित तंतूच मेले असतील. जळणाऱ्या पायापेक्षा बधिर पाय मला जास्त घाबरवतो. डॉक्टर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बघतात. दोन मिनिटांची तपासणी. वर्षातून एकदा तरी मागून घ्या.

यावर औषधं कुठली? ती चॅनेलवरच काम करतात का?

बरीचशी करतात, आणि आपण ती नकळत घेत आलोय. दाताच्या डॉक्टरांचं भूल देणारं इंजेक्शन सोडियम चॅनेल्स बंद करतं. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारते त्या दुखण्यावरचं कार्बामाझेपिनही तेच करतं. मधुमेहातल्या जळजळीवर देतात ते प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन कॅल्शियम चॅनेलच्या एका भागाला पकडतात. ड्युलोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही मूळची नैराश्यावरची औषधं. ती दिली म्हणून "मला वेडी समजले" असं मानू नका. वेदनेच्या वाटेवर त्यांचा वेगळा उपयोग आहे. आईने हे समजून घेतल्यावरच गोळी घेतली.

दातात थंड झिणझिणलं की लवंगाचं तेल लावतो ना? दाताच्या आतल्या पेशींमध्ये टीआरपीसी-५ नावाचं थंडी ओळखणारं चॅनेल असल्याचं २०२१ साली दाखवलं गेलं, आणि लवंगेतलं युजेनॉल ते बंद करतं. आजीचा उपाय बरोबर होता.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन या औषधाला तीव्र, तात्पुरत्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. ते फक्त एनएव्ही १.८ बंद करतं. हे चॅनेल मुख्यतः वेदनेच्या तंतूंत असतं, मेंदूत नाही, त्यामुळे अफूच्या कुळातल्या औषधांसारखी चटक लागण्याची भीती दिसत नाही. माझी याच्यावर मोठी आशा आहे.

टीआरपीव्ही-१ सरळ बंद करणारी औषधंही करून पाहिली. वेदना कमी झाल्या, पण काही जणांचं अंग ४० अंशांपर्यंत तापलं. शरीराचं तापमान ठरवण्यातही या दाराचा हात आहे हे तेव्हा कळलं. शिवाय गरम चहाने तोंड भाजलं तरी कळेना.

मिरचीचं मलम जळजळीवर चालतं असं ऐकलं. घरी वाटून लावू का?

नको. कृपा करून नको. तत्त्व खरं आहे: टीआरपीव्ही-१ वर कॅप्सेसिनचा जोरदार मारा झाला की त्यातून कॅल्शियम आत शिरतं, तंतूचं टोक थकतं आणि काही आठवडे मागे सरतं. म्हणून ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी निघाली. नागिणीनंतर राहणाऱ्या दुखण्यासाठी तिला अमेरिकेत २००९ साली, आणि मधुमेही पावलांसाठी २०२० साली मान्यता मिळाली. पण ती दवाखान्यात, मोजलेल्या वेळेसाठी, कातडी तपासून लावतात. घरच्या वाटणात मात्रा कुणी मोजणार? आणि बधिर कातडीला फोड आले तर? ०.०७५ टक्क्यांसारखी सौम्य मलमं मिळतात. जखम नाही याची खात्री करून, डॉक्टरांना विचारून लावा.

फोडणीत मिरची जळली की सगळ्या घराला ठसका लागतो. सुका खोकला जुना झाला तर तेच कारण का?

यंत्रणा तीच. श्वासनलिकेतल्या तंतूंवर टीआरपीव्ही-१ आणि टीआरपीए-१ असतात. रक्तदाबावरच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. त्या गोळ्यांनी ब्रॅडिकायनिन साठतं आणि या दारांचा उंबरठा खाली येतो. महिना महिना खोकल्याची औषधं पीत बसू नका, गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, गोळी बदलता येते. स्वतःहून बंद मात्र करू नका. जुन्या खोकल्यासाठी पी-२-एक्स-३ नावाचं आणखी एक चॅनेल बंद करणारं औषध जपान आणि युरोपात मान्य झालं आहे. त्याने पुष्कळांची चव जाते, कारण जिभेलाही ते चॅनेल लागतं.

केमोथेरपी चालू असताना फ्रीजला हात लावला तरी वीज बसल्यासारखं होतं. का?

आतड्याच्या कर्करोगात देतात त्या ऑक्सॅलिप्लॅटिनने सोडियम चॅनेल्स आणि थंडीची चॅनेल्स हळवी होतात. थंड पाणी, एसीचा झोत, माशांच्या पेटीतला बर्फ, सगळं टोचतं. हा ओळखीचा परिणाम आहे. पुढच्या वेळी आवर्जून सांगा, मात्रा किंवा वेळ बदलता येतो.

बाळाला जन्मतः ऐकू येत नाही. हे चॅनेलमुळे असू शकतं?

असू शकतं. कानातल्या शंखात केसपेशी असतात. त्यांच्या डोक्यावरचे बारीक केस एकमेकांना धाग्यांनी बांधलेले असतात. आवाजाने केस हलले की धागा ताणतो आणि टोकाचं दार उघडतं, अगदी दोरी ओढून उघडल्यासारखं. त्या दाराचं मुख्य प्रथिन टीएमसी-१. २००२ साली भारत आणि पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातूनच हे जनुक बहिरेपणाशी जोडलं गेलं. आईवडील दोघांकडून सदोष प्रत आली तर मूल बहिरं जन्मतं, आणि नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. यात कुणाचा दोष नाही, सुनेचा तर नाहीच. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात करून घ्या. निदान लवकर झालं तर यंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट लावून भाषा वेळेवर येते.

जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं याच दारातून केसपेशीत शिरून तिला मारतात. कोंबडीत मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात, सस्तन प्राण्यांत नाही. इंजेक्शनांच्या दिवसांत कानात शिट्टी वाजू लागली तर त्याच दिवशी सांगा.

डोळ्यांतही अशी चॅनेल्स असतात का?

असतात, आणि गंमत म्हणजे ती उलटी चालतात. अंधारात उघडी, उजेड पडला की बंद. प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ झालं, वीसेक माणसं वाचली. त्यांच्यातल्या एकाचं सदोष चॅनेल पिढ्यान्‌पिढ्या उतरलं आणि आज तिथे पुष्कळांना रंगच दिसत नाहीत, दुपारचं ऊन सोसत नाही.

पाय जळतात तेव्हा बर्फाच्या पाण्यात ठेवू का?

पाच मिनिटं गार लादी, ओला पंचा, पंखा चालेल. बर्फाचं पाणी नको. कातडी भिजून फुगते, फाटते, आणि बधिर पायाला ते कळत नाही.

आमच्या घरी आता रात्री जेवणं झाली की मी किंवा वहिनी आईचे पाय मांडीवर घेतो. बोटांच्या मधल्या जागा कोरड्या करायच्या, टाचांना खोबरेल लावायचं, तळव्याखाली हातातला आरसा धरायचा. चपला उलट्या करून झटकायच्या. गेल्या गणेशचतुर्थीत त्या झटकताना डाव्या चपलेतून सुपारीएवढा चिऱ्याचा खडा पडला. ती दिवसभर तो घेऊन घरात फिरत होती, पाहुण्यांना नेवऱ्या वाढत होती. तळव्यावर लाल खळगा पडला होता. कातडी फुटली नव्हती. आईने आरशात बघितलं आणि विचारलं, "हा कधीचा गं?"